पुण्याच्या चाळीस पोरांना दाखवलेला सारस

पुण्याच्या पोरांना पक्षी दोनच माहीत. एक खिडकीतलं कबूतर आणि दुसरी ताटातली कोंबडी! म्हणून लिमये मॅडमना मी फोनवर ठणकावून सांगितलं, "खरा पक्षी बघायचा असेल तर आमच्या गोंदियाला फोन लावा!"

या लिमये मॅडम पुण्यातल्या एका शाळेत शिकवतात. एका प्रशिक्षणात आमची ओळख झाली. दर शनिवारी त्या व्हिडिओ कॉल लावून वर्गाला बाहेरचं जग दाखवतात. मागच्या शनिवारी म्हणे कोकणातलं कासव दाखवलं. कासव! ज्याला धड चालता येत नाही, त्याचं काय थेट प्रक्षेपण!

"आमच्याकडे सारस आहे, माणसाएवढा उंच!" मी म्हणालो. "आणि मी त्यातला तज्ज्ञ आहे."

खरं सांगायचं तर सारस मी दोनदाच पाहिला होता, तोही बसच्या खिडकीतून. त्यातला एक बहुतेक बगळा होता. पण पुण्याला फरक कोण सांगणार?

आमच्या शाळेमागं हुकुमचंदभाऊंची धानाची शेती. त्यांच्या एका बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या खाचरात, सारसाच्या जोडीनं घरटं केलं होतं. आणि या भल्या माणसानं काय करावं? घरट्याला धक्का नको म्हणून तेवढा कोपरा निंदलाच नाही! पक्ष्यासाठी धानात गवत वाढू देणारा शेतकरी! मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

शनिवारी मी पांढराशुभ्र शर्ट घालून, टकलाला खोबरेल लावून शेतावर पोचलो. सोबत सहावीचा वर्ग.

"गुरुजी, चिखलात पांढरा शर्ट काऊन घातला जी?" समीक्षानं विचारलं. ही वर्गातली सर्वांत हुशार मुलगी, म्हणून सर्वांत त्रासदायक.

"आज पुणं पाहून राहिलं मला!"

हुकुमचंदभाऊ शेताच्या कडेला, धुऱ्यावर उभे होते. "गुरुजी, इथूनच दाखवा. आत नोका जाऊ. अंड्यावर बसून राहिला तो."

"भाऊ, मी बी.एड. आहे!"

"सारसाले काय मालूम?"

अशा माणसाशी काय बोलणार! मी मोबाइल बांबूच्या टोकाला बांधला, कॉल लावला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बांधीत उतरलो. उन्हात पडद्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं, पण आवाज खणखणीत येत होता.

"दिसतंय का मुलांनो?"

"हो सर! खूप जवळून दिसतंय!"

मी खूश. घरटं अजून पन्नास पावलं लांब, तरी जवळून दिसतंय! याला म्हणतात गोंदियाचा सारस!

"सर, नाक केवढं मोठं आहे!" एक पोरगा ओरडला.

"त्याला चोच म्हणतात, बाळा." काय हे पुण्याचं शिक्षण!

"सर, डोक्यावर केस का नाहीत?"

"सारसाचं डोकं उघडंच असतं. जन्मतःच!"

"आता लाल झालंय!"

"लालच असतं! निरीक्षण चांगलं आहे हं!"

पलीकडे हास्याचा नुसता धबधबा. ज्ञानानं मुलं इतकी आनंदित झालेली मी आयुष्यात पाहिली नव्हती. मी आणखी पुढं सरकलो. "मुलांनो, सारस हा अत्यंत शांत, सुसंस्कृत..."

तेवढ्यात बाजूच्या बांधीतून दुसरा सुसंस्कृत आला. अंड्यांचा बाप! बँडवाल्यानं कानात कर्णा फुंकावा तसा ओरडला आणि पंख पसरून थेट माझ्यावर! मी पळालो. कुठं? घरट्याकडं!

"गुरुजी, तिकडे नोका! अंडे हायेत!" हुकुमचंदभाऊ बोंबलत आत धावले. मला वाटलं, मला वाचवायला. त्यांनी माझी कॉलर धरली आणि भरल्या पोत्यासारखं मला उलट दिशेला फेकलं. मी चिखलात आडवा. पाठीवर चोचीचे दोन टोले. एक चप्पल कायमची गेली. बांबू मात्र मी उंच धरून ठेवला होता!

सारस डौलात घरट्यापाशी गेला. हुकुमचंदभाऊंनी मान उंचावून पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "साबूत हायेत दोन्ही."

"मीपण आहे," मी चिखलातून म्हणालो. कोणी ऐकलं नाही.

फोनमधून टाळ्यांचा कडकडाट येत होता. "सर, वन्स मोअर!" मग कॉल कटला.

सोमवारी लिमये मॅडमचा मेसेज आला. समीक्षानं माझ्या खांद्यावरून वाकून तो अख्ख्या वर्गाला वाचून दाखवला.

"सर, मुलं इतकी कधीच हसली नव्हती. पण तुमचा समोरचा कॅमेरा सुरू होता, त्यामुळं पूर्ण वेळ तुमचाच चेहरा दिसला. शेवटी मागं काहीतरी करडं हललं, पण तुमचं डोकं आड आलं. सारस कधी दाखवताय?"

मी तीनदा लिहून तीनदा खोडलं. शेवटी कळवलं, "सध्या तो अंड्यावर बसला आहे. अशा वेळी जवळ जाणं योग्य नाही."

तज्ज्ञाला एवढं तर कळायलाच पाहिजे!