संध्याकाळ बंद होती

त्या दिवशी हवा कोरडी होती, आभाळात बोटभर ढग नव्हता, वाऱ्याला अत्तराचा वास येत होता, आणि त्या शहरात संध्याकाळ बंद केलेली असल्यामुळे ऊन होतं तसंच राहणार होतं.

सिदोबा खरातांना हे कळायला वेळ लागला. त्यांचा मुलगा बाजीराव आटपाडीला पशुखाद्याचं दुकान चालवायचा. त्या वर्षी पेंड चांगली खपली म्हणून कंपनीनं त्याला बायकापोरांसकट या समुद्रकाठच्या काचेच्या शहरात सहलीला धाडलं होतं. बाजीराव, त्याची बायको वैशाली, पाच वर्षांची आरू आणि आबा. आबा म्हणजे सिदोबाच. जन्म म्हशींमागं गेलेला, घड्याळ कधी हाताला बांधलं नाही. दिवस काय, उगवतो नि मावळतो, त्याला विचारायचं काय, असा त्यांचा हिशेब.

आले तेव्हा मजाच होती. कारंजी गाण्यावर नाचत होती. लिफ्ट सोन्याची वाटत होती. दुकानांच्या मधोमध बर्फ पडत होता आणि लोक त्यात घसरून पडायला रांगेत उभे होते. आरू बर्फात लोळली, पाळण्यात बसली, निळं आइस्क्रीम खाऊन जीभ निळी करून आली. मग डोळे चोळायला लागली.

"आबा, झोप आली."

आबांनी बाहेर बघितलं. ऊन जिथल्या तिथं. जेवणं झाली, पुन्हा भूक लागली, पुन्हा जेवणं झाली. ऊन तसूभर हललं नव्हतं. खोलीच्या भिंतीएवढ्या काचेला पडदा नव्हता, कारण बाहेरचा देखावा खोलीच्या भाड्यात धरलेला होता आणि भाडं घेतलेली वस्तू झाकून ठेवता येत नसे.

तरी पोर आडवी झालीच. लगेच दार वाजलं. पिवळा कोट घातलेला एक माणूस आत आला. त्याला आनंदसेवक म्हणत. त्यानं छोटा ढोल बडवला, आरूला उठवून बसवलं आणि हातात फुगा दिला. उजेडात कोणी आडवं झालं तर ते रुसलंय असं धरायचं आणि त्याला हसवायचं, असा तिथला नियम होता. माणूस वाईट नव्हता. त्याचेही डोळे तांबडेलाल होते. पण आरू आडवी झाली की तो यायचाच. शेवटचा फुगा आरूनं दातांनी फोडला आणि त्याच्या मनगटालाही चावली.

"चावरं पोरगं!" तो म्हणाला.

"चावंल न्हायतर काय करंल?" वैशाली अंगावर धावून गेली. "ढोल कसला बडवतोस मेल्या, पोरीचं डोकं तापलंय!"

तो वाकून नमस्कार करून गेला. बाजीराव मात्र बायकोवरच उखडला. "चारचौघांत इज्जत घालवू नकोस. कंपनीनं बक्षीस दिलंय!"

"बक्षीस घाल चुलीत."

आबांचा राग म्हैस उठते तसा उठायचा, आधी मागचे पाय, मग दम खाऊन पुढचे. आत्ता मागचे पाय उभे राहिले होते. त्यांनी पोरीच्या कपाळाला हात लावला, चपला घातल्या आणि खाली गेले.

खाली प्रत्येक भाषेची वेगळी खिडकी होती. मराठीच्या खिडकीत वसईची फ्लोरा तुस्कानो बसायची. मुलगी गोड बोलायची.

"बाई, सांज कधी व्हायची?"

"संध्याकाळ आपल्याकडे बंद आहे, आजोबा. पाहुण्यांची तक्रार होती की ती झाली की मजा संपते. म्हणून बंद केली."

"बरं. मग रात?"

"रात्र संध्याकाळमधूनच येते ना. तेच दार बंद म्हटल्यावर ती येणार कुठून?"

आबांना हे पटलं. बरोबरच होतं ते. "आणि आमचं परतीचं विमान?"

"उद्याचं आहे."

"उद्या कधी?"

"रात्र झाली की उद्या," फ्लोरा म्हणाली. तिनं क्षणभर खाली बघितलं. "मी इथं एका महिन्यासाठी आले होते, आजोबा."

आबा खिडकीवर वाकले. "पोरगी निजंना, बाई. अंग तापलंय."

"मी थंड सरबत पाठवते. आणि आनंदसेवकाला जरा हळू वाजवायला सांगते."

वर येताना शेजारच्या खोलीच्या दारात करमाळ्याचे भणगे भेटले. तेही पेंडीचेच व्यापारी, त्याच सहलीला बायको आणि लहान मुलगा घेऊन आलेले. हातात सरबत, डोक्यावर चमकीची टोपी.

"काय आबा, तक्रार करून आलात म्हणं?"

"सांज मागायला गेलतो."

"घ्या! अहो, सांज काय, गावाकडं रोज होतीच की! त्यासाठी विमानात कशाला बसायचं? मजा करायची सोडून म्हातारं सांज मागतंय." ते मोठ्यानं हसले. खोलीत त्यांचं पोरगं रडत होतं. भणग्यांनी हसत हसतच दार ओढून घेतलं.

खोलीत आरू वैशालीच्या मांडीवर उघड्या डोळ्यांनी पडली होती. रडणं संपलं होतं, नुसती मान हलत होती. बाजीराव भिंतीला टेकून बसला होता, बक्षिसाचा बिल्ला अजून छातीवर. आबांनी पोरीकडं बघितलं आणि रागाचे पुढचे पायही उठले.

"बाज्या, बॅगंची दोरी सोड."

"कशाला?"

"सोड म्हणतो ना!"

बापाचा आवाज चढलेला बाजीरावनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. त्यानं मुकाट्यानं दोरी सोडून दिली. आबा गॅलरीत गेले. गॅलरी खाटेएवढी. खाली कारंजी, पलीकडं समुद्र, सगळं झगझगीत. आबांनी कठड्याला दाव्याच्या गाठी मारल्या, जेवढ्या म्हशी तेवढ्या गाठी. गावाकडं म्हशी परतल्या, दावणीला लागल्या, की त्यांच्या मागनं सांज यायची. पुढं म्हशी, मागं सांज, हा क्रम आबांनी कधी चुकलेला बघितला नव्हता. मग इथं तरी का चुकेल?

त्यांनी छाती भरून हाक दिली. "मोरेऽऽ! चंद्रेऽऽ! या गंऽऽ! या म्हणतो ना, भवान्यांनो!"

खालची माणसं वर बघायला लागली. समुद्राच्या कडेला, अगदी लांब, उजेड किंचित मळला. काहीतरी तिथवर आलं आणि अडून राहिलं. आबा आणखी जोरात ओरडले. ते आणखी मागं सरलं.

"आबा, गप बसा," वैशाली पोरीला खांद्यावर टाकून बाहेर आली. "असं खेकसल्यावर जनावर तरी यील का? तुम्ही नुसतं मागनं चालत यायचा. हाका सासूबाई मारायच्या."

आबा ओरडायचे थांबले. खरं होतं. हाका म्हातारीच मारायची. दिवसभर कुणाशीही भांडलेली असो, म्हशींना बोलवताना तिचा आवाज लोण्यासारखा व्हायचा. रागाच्या आवाजाला जनावर येत नाही आणि आलंच तर दूध चोरतं, हे गोठ्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं.

"मला राग आलाय, सुनबाई," आबा म्हणाले.

"मला काय कमी आलाय? या शहराला काडी लावावी वाटतीया. पण तो गिळा आत्ता."

वैशालीनं तो गिळला. गळ्याच्या शिरा तशाच ताठ होत्या, पण आवाज मऊ काढला. "ये गं मोरे, ये. ये गं चंद्रे, ये माझे बाई. चल, घरला चल."

लांबचा मळका उजेड हलला. समुद्रावरून सावकाश, थांबत थांबत, नाकानं हुंगत यावा तसा जवळ आला. आधी धुळीचा वास आला. मग शेणाचा, मग गार वारा. आबा एकेक गाठ आवळत गेले. शेवटची गाठ बसली तशी सांज कठड्यावरून आत आली आणि गॅलरीत मावेल तेवढी अंग चोरून उभी राहिली. बाहेर लख्ख ऊन, कारंजी चालू, आणि गॅलरीत दिवेलागण.

दार वाजलं. पिवळ्या कोटाचा आनंदसेवक, एक गणवेशातला अधिकारी आणि त्याचं बोलणं मराठीत सांगायला फ्लोरा, अशी तिघं आत आली. ढोल वाजवायला वर गेलेला हात गॅलरीकडं बघून तसाच राहिला. अधिकारी कडक आवाजात काहीतरी म्हणाला.

"शहरात संध्याकाळ आणायला मनाई आहे, असं साहेब म्हणतात," फ्लोरानं सांगितलं.

आबा त्या साहेबापुढं जाऊन उभे राहिले. आवाज मोठा नव्हता. खांद्यावर नुकताच डोळा लागलेल्या पोरीला जाग येईल म्हणून.

"ह्यांना सांग बाई. जन्मभर म्हशी राखल्या मी. दूध आटलेली असू दे न्हायतर मारकी असू दे, एकीलाबी रातभर उभी ठिवली न्हाई. बसाय जागा दिली, अंधार दिला. तुम्ही माणसाच्या लेकराला उभं ठिवताय आणि वर ढोल बडवताय. लाज न्हाई वाटत?"

फ्लोरानं सगळं सांगितलं. शेवटचं वाक्य तिनं दोनदा सांगितलं. अधिकारी विचारात पडला. मग त्यानं काही विचारलं आणि फ्लोरानं उत्तर दिलं. बराच वेळ त्यांचं चाललं होतं.

"गॅलरी खोलीतच मोडते," ती अखेर म्हणाली. "आणि खोलीत पाहुण्यांनी बाहेरून खायचे पदार्थ आणायचे नाहीत, एवढाच नियम आहे. साहेब विचारतात, हे खायचं आहे का?"

"न्हाई."

"मग ठेवा म्हणतात. पण कठड्याबाहेर सोडायची नाही."

अधिकारी निघून गेला. फ्लोरा जाता जाता गॅलरीच्या उंबऱ्याशी थांबली, पुढं वाकून अंधारात चेहरा धरला आणि डोळे मिटून उभी राहिली. पिवळ्या कोटानं ढोल जमिनीवर ठेवला आणि तिथंच भिंतीला टेकला. त्याला कोणी उठवलं नाही.

आरू वैशालीच्या खांद्यावर झोपली होती. तोंड उघडं, जीभ अजून निळी. बाजीराव बाहेर आला, बापाकडं न बघता खाली बसला आणि त्यानं लेकीचे पाय आपल्या मांडीवर घेतले. आबांचा राग अजून उतरला नव्हता. ते दोरीचं टोक मुठीत घट्ट धरून कठड्याशी उभे होते.

दोन गॅलऱ्यांच्या मधल्या भिंतीवरून भणग्यांचं डोकं वर आलं. चमकीची टोपी नव्हती. त्यांच्या अर्ध्या तोंडावर ऊन होतं.

"आबा," ते हळूच म्हणाले, "जरा इकडं सरकवता का? आमचं पोरगं बी कवाधरनं उभंच हाय."