साडेपाच शेरांचं बिऱ्हाड

शेजारच्या बशीरचाचांची राहुटी मी सोड्यात उकळली, हे आधीच कबूल करते. गोष्ट निजामाच्या राज्यातली. मी औरंगाबादेत नवी सून. वय सोळा, अक्कल साठ वर्षांची, असं आपलं माझं मत. चाचांच्या अंगणात दोरीवर काळपट, चिकट कापड लोंबत होतं. एकट्या माणसाला कोण धुऊन देणार, म्हणून उचललं, हंड्यात उकळलं, दगडावर बडवलं. बगळ्यासारखं पांढरं निघालं. वर नीळसुद्धा दिली!

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, पाणी अडावं म्हणून मेण चोळलं होतं त्यांनी! आता चहा गाळ त्यातून."

चाचा मोजणी खात्यात होते. गावोगाव शेतं मोजत हिंडायचं, रानातच मुक्काम. खात्याचा डेरा, म्हणजे मोठा तंबू, मिळायचा, तो त्यांना नको. स्वतः शिवलेली राहुटी, खुंट्या, अंथरूण-पांघरूण, सगळं मिळून साडेपाच शेर. तेवढंच खांद्यावर टाकून निघायचे.

वजनाचं मात्र भलतं वेड. कुणी काही नवं दाखवलं की पहिला सवाल, "वजन बोलो!" दातणाची काडी अर्धी मोडून घेत. सतरंजीचे गोंडे कापले, मग सतरंजीच सोडली. हिवाळाभर अंगणात निजून अंथरुणाची परीक्षा चालायची आणि सकाळी निकाल: "थंडी वरनं नाय येत बेटी, खालनं येते. घोंगडी खाली, शाल वर." गल्ली हसायची. "चाचा, मिशांचं वजन धरलं का?" विचारलं, तर गंभीरपणे म्हणायचे, "कातरल्यात."

अशा माणसाला दुसऱ्या दिवशी फर्दापूरला निघायचं होतं, आणि आभाळ भरून आलेलं.

चाचांनी पांढरीशुभ्र राहुटी ताणली, आत बसले आणि मला म्हणाले, "ओत." मी वरून तांब्याभर पाणी ओतलं. निथळता चेहरा बाहेर आला. "हौ. नहाणं झालं."

तेवढ्यात कचेरीचा शिपाई आला. "साहेब, डेराच काढतो. बेगारीला सहा माणसं धरून आणतो गावातनं. फुकट राबतेत."

"नाय!"

चाचांचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. शिपाई आल्या पावली परतला.

मग मीही पदर खोचला. घरातलं होतं नव्हतं तेवढं मेण आणलं, पितळी तांब्यात निखारे भरले आणि तो तांब्या फिरवून मेण कापडात जिरवत बसले. चाचा एक बाजू, मी दुसरी. बोटं पोळली, पण उठले नाही. दिवेलागणीला पाणी ओतलं, तर घरंगळून गेलं! मी नाचायचीच बाकी होते.

चाचांनी बिऱ्हाड तराजूत टाकलं. सहा शेर. मेण मीच सढळ हातानं चोपडलं होतं.

"साडेपाचाच्या वर खांदा नाय म्हणतो," असं पुटपुटत त्यांनी शाल काढून बाजूला ठेवली.

"थंडी वाजंल, चाचा! एखादा माणूस घ्या की ओझ्याला. सरकारच देतं ना?" माझी अक्कल पुन्हा साठीची.

गाठ मारता मारता चाचा थांबले.

"बेटी, पहिल्या दौऱ्यात एक म्हातारा बेगारी माझ्या डेऱ्याचा एक गठ्ठा वाहत होता. मी मागनं छत्री घेऊन. चढावर तो खाली बसला, लई खोकला, अन् म्हणाला, 'साहेब, काय हाय यात एवढं जड?' मी काय सांगू त्याला? त्यात नुसती माझी झोप होती."