पाहुण्याची खिडकी

गावरिलने विहिरीपाशी चारचौघांत शब्द दिला, आणि तिथेच माशी शिंकली.

"आपल्या मोल्दोवात कोण येतंय फिरायला?" शेजारचा तिमोफ्ते म्हणाला होता. "वाट चुकला असेल बिचारा."

"चुकलाय कसला! नॉर्वेहून मुद्दाम आलाय. सहा दिवस माझ्याकडे राहणार, आणि आला तसाच ठणठणीत परत जाणार. माझा शब्द!"

पाहुण्याला अर्थातच घरातली सगळ्यात चांगली खोली दिली. भिंतीवर बायकोच्या, झिनोव्हियाच्या, माहेरचे गालिचे, पलंगावर छताला टेकतील एवढ्या उशा. (चाळीस वर्षांत गावरिलला तिथे एक डुलकीही काढायला मिळाली नव्हती.) आणि त्या पाहुण्याने, हाल्वार्डने, आल्या आल्या काय करावं? समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या!

आरपार वारा! अशाच वाऱ्याने गावरिलच्या मामाची मान धरली होती, ती शेवटपर्यंत सुटली नाही. शवपेटीतही मामा तिरकाच मावला.

"बाळा, खिडकी लाव."

"हवा छान आहे, काका." हाल्वार्ड पुस्तकातून शिकलेलं वाक्य हसून म्हणाला.

"हवा छानच असते रे. वारा वाईट!"

पाहुणा अंगणात गेला की गावरिल खिडकी लावी. पाहुणा आत आला की उघडी. जेवणापर्यंत असं पाच वेळा झालं. जेवून हाल्वार्ड आडवा झाला, तोही मोजे काढून. आता मात्र गावरिलने कंबर कसली. बाहेर जाऊन त्याने उत्तरेकडची खिडकी हलकेच लोटली. कडी आतून होती, म्हणून तिला पाठ लावून उभा राहिला.

एप्रिलचा वारा समोरून झोंबत होता. तासाभराने झिनोव्हिया आली.

"म्हाताऱ्या, इथे काय करतोस?"

"हळू बोल. पाहुणा झोपलाय."

"मग एक खिळा ठोक की!"

"पाहुण्याच्या खोलीला खिळा? तुरुंग आहे का तो?"

"निदान टोपी तरी घाल."

"ती त्याच्या डोक्यावर ठेवून आलोय."

मध्येच आतून कुणीतरी खिडकी ढकलली. गावरिलने टाचा रोवल्या आणि हटला नाही. तीन तास!

संध्याकाळी हाल्वार्ड ताजातवाना उठला. गावरिलला हुडहुडी भरली, आवाज बसला आणि मान धरली, थेट मामासारखी. पुढचे पाच दिवस पाहुण्याने विहिरीचं पाणी ओढलं, कोंबड्यांना दाणे टाकले आणि काकांना चमच्याने रस्सा पाजला.

"शब्द पाळलास हो!" तिमोफ्ते दारातूनच ओरडला. "पाहुणा ठणठणीत आहे!"

निघताना हाल्वार्डने वहीत दोन ओळी लिहिल्या. झिनोव्हियाने त्या मोठ्याने वाचल्या, "घर सुंदर, माणसं त्याहून सुंदर. फक्त एका खिडकीला बाहेरून कुणीतरी जुना ओंडका टेकवला होता. तो काढावा."

गावरिलने काही बोलायला तोंड उघडलं, आणि शिंकला.

"काढू," त्याच्या पाठीवर घोंगडी टाकत झिनोव्हिया म्हणाली. "आधी ओंडक्याचा ताप उतरू दे."