इसाकचे नऊ व्हॉइस मेसेज

शनिवारी दुपारी चार वाजता हिरामण भोयेने बायकोच्या शाळेत, व्यासपीठावर चढता चढता, तिसऱ्यांदा फोन पाहिला आणि पल्लवीने तिसऱ्यांदा डोळे वटारले.

"अहो, साहेब समोर बसलेत. ठेवा ना तो फोन आता!"

"तानपुरा त्याच्यातच आहे गं," हिरामण म्हणाला.

हे खरं होतं, पण अर्धंच. तानपुऱ्याचं अ‍ॅप फोनमध्ये होतं आणि फोन शाळेच्या मोठ्या स्पीकरला जोडलेला होता. उरलेलं अर्धं असं, की हिरामण सातपूरच्या ज्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होता, तिथले अकरा जण फँटसी फुटबॉल खेळत. विलायतेतल्या खऱ्या सामन्यांमधले खेळाडू निवडून आपला संघ लावायचा, ते मैदानात जे दिवे लावतील त्याचे गुण आपल्याला. कॅप्टनचे दुप्पट. या अकरा जणांत हिरामण अकरावा होता. तो ज्याला संघात घेई त्याचा गुडघा दुखावे, आणि ज्याला काढी तो दुसऱ्याच दिवशी दोन गोल करी. मागच्या महिन्यात त्याने फार विचार करून एक गोलकीपर घेतला, तर त्याची अक्कलदाढ सुजली. पहिला नंबर स्टोअरकीपर इसाक शेखचा. डबा खाताना तो रोज हिरामणची बिनपाण्याने करी.

या आठवड्याचा संघ साडेचारला बंद होणार होता आणि हिरामणच्या कॅप्टनबद्दल सकाळपासून वाईटसाईट कानावर येत होतं.

पल्लवीची काळजी वेगळी होती. सिन्नरजवळच्या तिच्या शाळेत एकही वाद्य नव्हतं. दोन अर्ज करून झाल्यावर विस्तार अधिकारी सावळीराम आहेर म्हणाले होते, "मुलांना गोडी आहे का, ते मी डोळ्यांनी बघतो, मग ठरवू." म्हणून तिने सुट्टीच्या दिवशी लग्नांच्या ऑर्केस्ट्रात सॅक्सोफोन वाजवणारा नवरा धरून आणला होता.

पहिली धून संथ होती. तिसरीतली मुलं चुळबुळू लागली. आहेर साहेबांनी जांभई रुमालात गुंडाळली. धून संपली तेव्हा सव्वाचार झाले होते. एवढ्यात कॅप्टन बदलून घेऊ, म्हणून हिरामण फोनकडे वळला. कारखान्यातल्या खेळाडूंच्या ग्रुपवर इसाकचे नऊ व्हॉइस मेसेज आले होते. त्याने घाईघाईत पहिल्यावर बोट ठेवलं. फोन स्पीकरला जोडलाय हे त्या क्षणी तो साफ विसरला.

"हिरामण!" अख्खी शाळा दणाणली. "अरे तुझा कॅप्टन लंगडतोय! काढ त्याला, जल्दी!"

हिरामण इतका दचकला, की फोन हातातून सटकला आणि व्यासपीठासाठी जोडलेल्या दोन टेबलांच्या फटीत गेला. गळ्यात सॅक्सोफोन, त्याला वाकता येईना. आणि व्हॉइस मेसेजची रीतच अशी, की एक संपला की पुढचा आपोआप सुरू.

"तुझा डिफेन्स म्हणजे सिन्नरचा एसटी स्टँड आहे भाऊ! कुणीबी येतं, कुणीबी जातं!"

मुलं खदखदली. हा आवाज दाबायचा कसा? हिरामणला एकच उपाय सुचला. त्याने सॅक्सोफोन ओठांना लावून जोरात फुंकला. पोंऽऽऽ!

"ऐकतोयस ना?" स्पीकर म्हणाला.

पों-पों!

"होऽऽ!" मुलं ओरडली.

"मागच्या आठवड्यात काय दिवे लावले, आठवतंय?"

हिरामणचा श्वास संपत आला होता. सॅक्सोफोनमधून एक लांब, केविलवाणा, घसरत जाणारा सूर निघाला.

"मॅडम, हे काका रडायला लागले!" पुढच्या रांगेतली खुशनुमा किंचाळली.

"रडू नको, यार," इसाक म्हणाला.

मग मात्र शाळा आवरेना. मुलं बाकांवर उभी राहिली. इसाकच्या प्रत्येक टोमण्याला सॅक्सोफोन कधी चिडून, कधी गयावया करून उत्तर देई आणि मुलं टाळ्यांचा ठेका धरीत. हिरामणही आता फटीतला फोन विसरला होता. "आता तरी शहाणा हो. चल, खुदा हाफिज!" असं नवव्या मेसेजने म्हटलं, तेव्हा त्याने असा वरचा सूर लावला, की खिडकीवरची कबुतरं उडाली.

पल्लवीने तोंड दोन्ही हातांनी झाकलं होतं. आहेर साहेब उठले.

"मॅडम, हा काय प्रकार आहे?"

"साहेब, ते... म्हणजे..."

"वीस वर्षांच्या नोकरीत असं पाहिलं नाही! माणूस बोलतो आणि वाद्य उत्तर देतं! मॅडम, तुमचा अर्ज सोमवारी पुढे जाईल." मग त्यांनी हिरामणच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या शनिवारी केंद्रातल्या सगळ्या शाळा एकत्र बोलावतो. फक्त ते दुसरे कलाकार रेकॉर्डिंगवर नकोत. समक्ष हवेत."

फूटपट्टीने फोन बाहेर काढला, तेव्हा चार पस्तीस झाले होते. कॅप्टन त्या दिवशी मैदानात उतरलाच नाही.

सोमवारी इसाकला विनवणी करताना हिरामणच्या जिवावर आलं. पण इसाकने हातातला डबा बाजूला ठेवला.

"मी? स्टेजवर? बच्चों के सामने?" त्याने हळूच विचारलं. "कोणता कुर्ता घालू?"

शनिवारी तो इस्त्रीचा कुर्ता घालून, बायकोला, जहिदाला, घेऊन आला. साहेबांनी त्याला शाल पांघरली. पहिली पाच मिनिटं तो अडखळत बोलला, नंतर तो असा सुटला, की "चाचा! चाचा!" शिवाय काही ऐकू येईना. त्याने हिरामणच्या बचावफळीचं, अक्कलदाढेचं, साऱ्या हंगामाचं वस्त्रहरण केलं.

चार पंचविसाला तो घाम पुसत जवळ आला. "बस कर यार. माझी टीम लावायची राहिलीय. तिघं जखमी आहेत, त्यातला एक कॅप्टन!"

हिरामणने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. मग समोरची सातशे पोरं पाहिली. त्याने माईक ओढून घेतला.

"मुलांनो, चाचा म्हणतायत, आता बास. करायचं का बास?"

"नाऽऽऽही!"

इसाकचा हात शालीखाली खिसा शोधत राहिला आणि हिरामणने छाती भरून श्वास घेऊन, त्याला येत होती ती सगळ्यात लांब धून सुरू केली.