काचेचं कॉलेज आणि मामांची छाती

डॉक्टर व्हायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न असतो. कोणत्या कॉलेजातून व्हायचं हा मात्र घराचा प्रश्न असतो. आणि घराच्या प्रश्नात ज्याचं त्याने मध्ये बोलायचं नसतं. धाकटीला दोन मेडिकल कॉलेजांत प्रवेश मिळत होता. म्हणून रविवारी रीतसर बैठक बसली आणि धाकटीला चहा करायला आत पाठवण्यात आलं.

अध्यक्षस्थान आपसूक मामांकडे गेलं. मामांनी तरुणपणी मेडिकलची प्रवेशपरीक्षा तीनदा दिली होती. एकदाच देऊन पास होणाऱ्यांपेक्षा त्यांचा अनुभव तिप्पट होता. आत्याकडे लग्नखातं होतं. बाबाही बैठकीला हजर होते (असं आईचं म्हणणं).

एक कॉलेज नवंकोरं, काचेचं, दारात कारंजं असलेलं. दुसरं जुनं, सरकारी, भिंतींचे पोपडे निघालेलं. निर्णयात भावना येऊ नयेत म्हणून मामांनी शास्त्रशुद्ध गुणपद्धत आखली. इमारतीला चाळीस, कँटीनला वीस, माहितीपत्रकाच्या कागदाच्या जाडीला पंधरा. उरलेले पंचवीस, कॉलेजचं नाव ऐकून शेजाऱ्यांचा चेहरा किती पडतो त्याला.

"आणि शिकवतात कसं?" धाकटीने कप ठेवता ठेवता विचारलं.

"अगं, शिकवणं सगळीकडे सारखंच," मामा म्हणाले. "पुस्तकं तीच, माणसाची हाडं तीच."

"दोनशे सहा," बाबा म्हणाले. बैठकीतलं त्यांचं हे एकमेव निवेदन.

दोन्ही कॉलेजं एकदा डोळ्यांखालून घालावीत, या धाकटीच्या हट्टाला निरुपद्रवी म्हणून मंजुरी मिळाली. सोबत बाबांना देण्यात आलं.

काचेच्या कॉलेजात त्या दिवशी तपासणी पथक यायचं होतं. त्यामुळे त्यांच्या रुग्णालयातली प्रत्येक खाट भरलेली होती. चादरी इतक्या पांढऱ्या की आजारी पडायचा संकोच वाटावा. रोगी टवटवीत होते. धाकटीने एका काकांना विचारलं, "काय होतंय तुम्हाला?"

"आज कावीळ आहे," काका म्हणाले. "यायला उशीर झाला, नाहीतर फ्रॅक्चर मिळालं असतं. त्यात उशा जास्त देतात."

"मागच्या वेळी मी बाळंतीण होते," पलीकडच्या खाटेवरच्या आजी म्हणाल्या. "यंदा दम्यावर आणून बसवलंय."

बरं होण्याचं इथलं प्रमाण शंभर टक्के होतं. संध्याकाळी पथक गेलं की सगळे एकदम बरे होत आणि बसमध्ये बसून घरी जात. एवढा गुण जगातल्या कुठल्याच औषधाला नाही.

जुन्या कॉलेजात मात्र शिस्तीच्या नावाने आनंद होता. रोगी खरोखरच आजारी होते आणि ते लपवण्याची कुणी तसदीही घेत नव्हतं. एक घामाघूम सर आठ विद्यार्थ्यांना एकाच म्हाताऱ्याची छाती पाळीपाळीने ऐकवत होते. एका विद्यार्थ्याने घाईत छातीवरची नळी उचलली, तसं सरांनी त्याला पुन्हा रांगेच्या शेवटी उभं केलं. धाकटी ते बघत होती, तोच एका थकलेल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातात सलाईनची बाटली दिली. "धर. वर धर. अजून वर." आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. तू कोण, कुठली, काही नाही.

बाटलीच्या दुसऱ्या टोकाला एक वाळकी बाई होती. तिने धाकटीची बाही मुठीत धरली. "जाऊ नकोस हं, डॉक्टर," ती म्हणाली. आपण डॉक्टर नाही, हे सांगावंसं धाकटीला वाटलं. पण ती मूठ बघून तोंड उघडेना. हाताला रग लागली, मुंग्या आल्या. थेंब पडत राहिले. बाबा तिची पिशवी धरून शेजारी उभे होते.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "दुखतोय हात?"

"हो."

"मग, इथेच?"

"इथेच."

दुसऱ्या बैठकीत मामांनी निकाल वाचला. काचेचं कॉलेज ब्याण्णव, जुनं अकरा (त्यातले नऊ कँटीनवरच्या झाडांच्या सावलीचे). "सबब, सर्वानुमते..." एवढं म्हणून मामांनी छातीवर हात ठेवला. आधी सगळ्यांना तो वक्तृत्वाचा भाग वाटला. मग घाम दिसला.

"काचेच्या दवाखान्यात नेऊ," आत्या म्हणाली. "तिथे गर्दी नसते."

"नको," मामांचा आवाज खोल गेला होता. "जुन्या. तिथे... डॉक्टर असतात."

हा ठराव कोणत्याही गुणपद्धतीशिवाय मंजूर झाला.

जुन्या दवाखान्यात मामांना व्हरांड्यातच तपासलं आणि वेळेत इंजेक्शन मिळालं. ते वाचले. चौथ्या दिवशी त्यांना ठरावाची आठवण झाली.

"मी जुन्यातच प्रवेश घेतला, मामा," धाकटी म्हणाली. "तुम्ही आत होता तेव्हा. बाबांनी सही केली."

मामांनी छताच्या पोपड्यांकडे पाहिलं. "उपचाराला हे उत्तमच," ते म्हणाले. "पण शिकायला तेच बरं होतं गं. इमारत काय आहे."

धाकटीने त्यांची नाडी धरली. अजून तिला काही कळत नव्हतं, पण मामा गप्प झाले.

वाचकांनी मामांना खुशाल हसावं. फक्त हसताना एक आठवून बघावं: मागच्या दुखण्यात आपण ज्या डॉक्टरांपुढे जीभ बाहेर काढली, ते कुठल्या कॉलेजात शिकले? नाही ना आठवत? राहू द्या. त्यांच्या वेटिंग रूममधल्या टाकीतले मासे कोणत्या रंगाचे होते?

बघा, हे कसं चटकन आठवलं.