मामेभावाला जुना कॉम्प्युटर घेऊन दे

त्या रविवारी एलिसेओ ऊर्फ एली गुंबाननं सकाळभर खपून एक लाट तयार केली आणि जेवायच्या आधी ती पुसून टाकली.

"आता हिचं काय बिघडलं होतं?" बाचोयच्या पातेल्यातला रस्सा ढवळत डेल्फिनानं विचारलं.

"तिच्यात घाई होती."

"लाटेत?"

"तुला नाही कळायचं."

सात वर्षांत नवऱ्याच्या कॉम्प्युटरमधलं डेल्फिनाला फारसं काही कळलं नव्हतं. पण जेवणाचं टेबल आता जेवायला परत मिळत नाही, एवढं तिला पक्कं कळलं होतं. इलोइलोच्या मोलो भागातल्या त्या घरासमोर ती बाचोय, म्हणजे शेवयांचा रस्सा, विकायची. गिऱ्हाइकं बाहेरच्या टेबलांशी बसून शेवयांवर ताव मारायची आणि घरची माणसं मांडीवर वाडगा घेऊन पायरीवर बसायची.

टेबलावरचा तो कॉम्प्युटरही काही घरंदाज नव्हता. कोपऱ्यावरचं पिसोनेटचं, म्हणजे नाणं टाकून कॉम्प्युटर वापरायचं, दुकान बुडालं, तेव्हा तिथला सगळ्यात म्हातारा एलीनं उचलून आणला होता. एक पेसो टाकला की घटकाभर चालायचा आणि मग पडदा काळा. दुकान बुडालं तरी नाण्याचा हट्ट काही सुटला नव्हता. एली तेच एक नाणं खालून काढून पुन्हा वरून टाकत असे. "सात वर्षांत यानं धंद्यात घातलेलं भांडवल एक पेसो," डेल्फिना शेजारणींना सांगायची, "आणि तोही माझ्या गल्ल्यातला."

धंदा म्हणजे खेळ तयार करण्याचा. खेळाचं नाव 'हुलात'. हुलात म्हणजे थांब, वाट बघ. एक म्हातारा मासेमार होडीत बसून मासा लागायची वाट बघतो, एवढाच खेळ. सूर्य बुडायला अख्खी दुपार घेतो. मधून केव्हातरी म्हातारा उसासा टाकतो. तो उसासा एलीचा स्वतःचा, न्हाणीघरात कोंडून घेऊन रेकॉर्ड केलेला. आणि म्हाताऱ्याची दाढी तासाला केसभर वाढते. ही दाढी बसवायला एलीला एक वर्ष लागलं होतं, आणि ती वाढताना आजवर कुणीही पाहिली नव्हती.

एवढ्यावर भागलं असतं, तर माणूस घरातल्या घरात वाया गेला असता आणि कुणाची काही तक्रार नव्हती. पण एलीच्या घरी इंटरनेट होतं.

त्याच्यासारख्या हौशी खेळ-कारागिरांचा एक ग्रुप होता. दर रविवारी आपल्या खेळाचं एक चित्र टाकायचं, ही तिथली रीत. बाकीचे दिवस एकमेकांना प्रश्न विचारण्यात जायचे. नारळाचं झाड वाऱ्यानं किती हलावं? यावर पंधरवडाभर चर्चा चालली आणि दोन जणांनी कायमचा अबोला धरला. माणसानं उडी मारली की सावली पायाखालीच राहते की मागे पडते? हे बघायला लोकांनी आपापल्या अंगणात उड्या मारल्या. बाकोलोदच्या एकाचा पाय मुरगळला, पण निकाल लागला नाही. अजून सुरूही न केलेल्या खेळाचा दुसरा भाग काढावा का, यावर तर शिवीगाळ झाली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, यातली गत. चुकून कुणी आपला खेळ पुरा केलाच, तर सगळे त्याचं अभिनंदन करत आणि नंतर त्याच्याकडे जरा संशयानं बघत.

या सगळ्यांत थोरला एली. त्याला सगळे 'नोंग एली' म्हणायचे. नोंग म्हणजे थोरला भाऊ. हा मान त्याला वयामुळे मिळाला होता, पण तो अकलेमुळे मिळाल्यासारखा मिरवायचा. स्वतःच्या खेळाचं त्यानं सात वर्षांत एकच चित्र टाकलं होतं, तेही होडीच्या काठाचं, अर्धं. त्या अर्ध्या काठावर उभा राहून तो साऱ्या दुनियेला अक्कल शिकवायचा.

दोन वर्षांपूर्वी गिमारास बेटावरची जोरेलिन नावाची मुलगी ग्रुपवर आली. तिच्या खेळात एक कुत्रा आंबे चोरून पळायचा. तिनं बिचारीनं विचारलं, "माझा कुत्रा माझ्या कॉम्प्युटरवर नीट चालतो. मामेभावाच्या नव्या कॉम्प्युटरवर मात्र सुसाट सुटतो, दिसतच नाही. असं का होतं?"

नोंग एलीनं उत्तर दिलं, "इंदाय पोरी, मामेभावाला जुना कॉम्प्युटर घेऊन दे."

ग्रुप दिवसभर खिदळत होता. पाय मुरगळलेल्या त्या बाकोलोदच्या माणसानं तेवढं नीट समजावलं. "कॉम्प्युटर पडद्यावरचं चित्र सारखं पुसून पुन्हा काढत असतो. तू कुत्र्याला सांगितलंयस, दर चित्राला एक पाऊल टाक. नवा कॉम्प्युटर भराभर चित्रं काढतो, म्हणून कुत्रा भराभर पळतो. त्याला चित्रं मोजायला लावू नकोस, घड्याळ बघायला लाव."

जोरेलिननं ते वाचलं, कुत्र्याला घड्याळ दाखवलं आणि वर्षभरात खेळ पुरा करून मोकळी झाली. एलीनं मात्र ते वाचलं नाही. बालवाडीतले प्रश्न वाचत बसायला त्याला वेळ कुठला?

या वर्षी इलोइलोत खेळांचा मेळा भरणार, अशी बातमी आली. एका मोठ्या दुकानसंकुलाच्या दालनात पडदा लागणार होता आणि सर्व खेळ आयोजकांच्याच कॉम्प्युटरवर दाखवले जाणार होते. ग्रुपला एक टेबल मिळालं.

"नोंग, तुमचा खेळ आम्ही बघायचा तरी कधी?" जोरेलिननं ग्रुपवर विचारलं.

"खरंच नोंग! का अजून काठच रंगवताय?" दुसरा म्हणाला.

एलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानं तिथल्या तिथे लिहून टाकलं, "हुलात मेळ्यात येणार. माझ्या सात वर्षांच्या कामात एक चूक काढून दाखवा, मी ग्रुप सोडतो."

डेल्फिनानं ते त्याच्या खांद्यावरून वाचलं. "आणि चूक निघाली तर?"

"निघणार नाही."

"आणि ग्रुप सुटला, तर तू रविवारी करणार काय?"

एलीनं खालून नाणं काढून पुन्हा वरून टाकलं. तो कामाला होता त्या टाइल्सच्या दुकानात त्याला सोमवार ते शनिवार 'अरे गुंबान' म्हणत. नोंग एली तो फक्त त्या ग्रुपवरच होता.

मेळ्याच्या दिवशी तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेला. आयोजकांचा कॉम्प्युटर नवा कोरा होता. तो पाहून एलीला बरंच वाटलं. एवढ्या भारी यंत्रावर लाटा खुलून दिसतील, असं त्याला वाटलं. त्यानं माईक हातात घेतला.

"मित्रांनो, घाई करू नका. या खेळात काही होत नाही. पण जो थांबेल, त्याला सगळं मिळेल."

आणि त्यानं बटण दाबलं.

सूर्य फटाक्यासारखा वर गेला आणि धप्पकन समुद्रात पडला. पुन्हा वर आला, पुन्हा पडला. दिवस-रात्र बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखे लुकलुकायला लागले. लाटांचा आवाज शिवणयंत्रासारखा येऊ लागला. उसासे एकापाठोपाठ एक असे सुटले, की म्हातारा उन्हातल्या कुत्र्यासारखा धापा टाकतोय असं वाटावं. आणि सात वर्षं कुणी न पाहिलेली ती दाढी वाढली. छातीपर्यंत आली, होडीत भरली, काठावरून ओसंडून समुद्रात गेली आणि तिच्यात मासे अडकायला लागले.

दालन हसून हसून लोळायला लागलं.

"बंद करा! अहो, बंद करा ते!" एली माईकवरून ओरडला.

लोकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. त्यांनी आणखी टाळ्या पिटल्या. "पुन्हा! दाढी पुन्हा!" मागून आरोळी आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

परीक्षकबाई डोळे पुसत व्यासपीठावर आल्या. "थांबायला सांगायचं आणि क्षणभरही थांबू द्यायचं नाही! आजच्या धावपळीवर यापेक्षा झणझणीत टीका मी पाहिली नाही. हे मुद्दामच केलंत ना?"

एलीनं गर्दीकडे पाहिलं. ग्रुपचे सगळे पहिल्या रांगेत होते, जोरेलिनसुद्धा. खरं बोलायला एक शब्द पुरला असता.

"अर्थात," एली म्हणाला.

त्याला लोकप्रिय खेळाचं बक्षीस मिळालं. बक्षीस म्हणजे एक नवा कोरा, तेज कॉम्प्युटर. त्यानं घरी फोन करून तेवढं सांगितलं. बाकीचं सांगायला त्याची जीभ रेटेना.

खोका घेऊन तो घरी आला, तर जेवणाच्या टेबलावर फुलाफुलांचं मेणकापड अंथरलं होतं. डेल्फिनानं दोन वाडगे मांडले होते. ती गुणगुणत होती.

"जुना कुठाय?" एलीनं विचारलं.

"दिला."

"कुणाला?"

"तियो सिमोला, आपल्या सिमोकाकाला. भंगाराची गाडी घेऊन दारावरूनच चालला होता. म्हटलं, आता नवा येतोय, हे धूड कशाला?"

"नाण्यासकट?"

"वेडी आहे का मी? नाणं काढून घेतलं."

एलीनं नवा कॉम्प्युटर पायरीवरच मांडला आणि खेळ लावला. सूर्य फटाक्यासारखा वर गेला. म्हातारा धापा टाकू लागला. दाढी होडीबाहेर आली. चित्रं मोजायचा हुकूम एका जागी असता तर चटकन बदलता आला असता, पण तो त्यानं सात वर्षं लाटेलाटेत आणि केसाकेसात पेरून ठेवला होता. ज्या हुलातसाठी त्यानं संसाराचं टेबल अडवलं, तो आता जगात एकाच यंत्रावर चालत होता, आणि ते भंगारात गेलं होतं.

ग्रुपवर मात्र त्याची आरती चालली होती. "नोंग, त्या गतीमागचा विचार सांगा ना!" असं सगळे म्हणू लागले. तो दोन दिवस सांगत राहिला. थापेच्या पोटी थापा जन्माला येतात, आणि एलीच्या घरी त्यांचं बाळंतपण जोरात चाललं होतं. तिसऱ्या दिवशी त्याला राहवेना. त्यानं लिहिलं, "माझ्या एका मित्राची अडचण आहे. त्याचा खेळ जुन्या कॉम्प्युटरवर नीट चालतो, नव्यावर सुसाट सुटतो. काय करावं?"

लगेच जोरेलिनचा निरोप आला. ग्रुपवर नाही, खासगीत.

"नोंग, तुमच्या मित्राला जुना कॉम्प्युटर घेऊन द्या."

आणि खाली आणखी एक ओळ होती. "मित्राला सांगा, ग्रुप सोडायची गरज नाही. मी कुणाला बोलले नाही."

चारचौघांत थोबाडीत बसली असती तर एलीला परवडलं असतं. ही माया त्याला सोसवेना. त्यानं चपला घातल्या आणि तो खरोखरच जुना कॉम्प्युटर आणायला निघाला.

तियो सिमोचं आवार बाटल्या, रद्दी आणि गंजलेल्या पंख्यांनी भरलेलं. त्यांच्या मधोमध, जीपनी गाडीच्या फाटक्या सीटवर तियो सिमो आडवा झाला होता. समोर एलीचा कॉम्प्युटर. पडद्यावर सूर्य क्षितिजापासून चांगला हातभर वर होता आणि जागचा हलत नव्हता. म्हातारा होडीत बसला होता. लाटेत कसलीही घाई नव्हती. तियो सिमो मंद घोरत होता.

एवढ्यात नाण्याचा वेळ संपून पडदा काळा झाला. तियो सिमोनं डोळे उघडले, शर्टाच्या खिशातून पेसो काढला, खाचेत टाकला, आणि मग त्याला एली दिसला.

"ये रे. काय पाहिजे?"

"तियो, तुम्ही हे रोज बघता?"

"रोज जेवल्यावर. बायको गेल्यापासून दुपारची झोप नव्हती रे मला. डॉक्टरच्या गोळ्यांनी नुसतं तोंड कोरडं पडायचं. आता हे लावतो. तो सूर्य बघ. काल पण तिथंच होता."

एलीचा आवाज बारीक झाला. "कसं वाटतं?"

"बरं वाटतं. काही होत नाही ना यात."

एली एक पाऊल पुढे सरकला. हेच वाक्य तो लोकांना सात वर्षं सांगत आला होता. उलट त्याला ते कुणी सांगितल्याची ही पहिलीच वेळ.

"मासा लागला का कधी?"

"मासा आहे यात?"

"आहे एक," एली म्हणाला. "तियो, मी हा परत विकत घ्यायला आलोय."

"विकायचा नाही." तियो सिमोनं डोळे मिटले. "आणि आता बोलू नकोस. म्हातारा उसासा टाकेल इतक्यात. तेवढा उसासा ऐकला की माझा डोळा लागतो."

एली उभाच राहिला. बऱ्याच वेळानं त्याचा स्वतःचा, न्हाणीघरातला उसासा त्या भंगारातून ऐकू आला. तियो सिमो लगेच घोरायला लागला. एली पाय न वाजवता बाहेर आला आणि फाटकाशी उभं राहून त्यानं बाकोलोदवाल्याचं ते दोन वर्षांपूर्वीचं उत्तर ग्रुपवर शोधून पहिल्यांदाच वाचलं आणि जोरेलिनला लिहिलं, "इंदाय, म्हाताऱ्याला घड्याळ बघायला कसं लावायचं, शिकवशील?"

घरी डेल्फिना टेबलावर कांदे चिरत बसली होती.

"मिळाला का कॉम्प्युटर?"

"नाही. गिऱ्हाईक मिळालं."

डेल्फिनाची सुरी थांबली. "पैसे देणारं?"

"एक पेसो. तो संपला की दुसरा."

"आणि काय म्हणतंय ते गिऱ्हाईक?"

"झोपलंय," एली म्हणाला, आणि खुर्ची ओढून टेबलाशी बसला.