पाट्यांना उत्तरं देणारे गेनूआबा

माल्याहून पौडला जाणाऱ्या एस.टी.त गेनूआबा शेजारी बसले, की मी खिडकीकडे तोंड फिरवत असे. कारण आबा पाट्यांना उत्तरं देत. 'धूम्रपान करू नये' ही पाटी अक्षर अक्षर जुळवून वाचत आणि मोठ्यानं म्हणत, "बरं, न्हाई करत." एकदा तर 'चालकाशी बोलू नये' हे वाचून त्यांनी उठून थेट ड्रायव्हरलाच विचारलं, "तुमच्याशी बोलू नगं म्हंत्यात. का वो, भांडान झालं का कुनाशी?"

"आबा, पाटीला उत्तर द्यायचं नसतं," मी कुजबुजलो.

"कुनी बोललं तर गप बसायचं व्हय मास्तर? लई वाईट दिसतं ते."

सगळी गाडी हसली. मला हसता आलं नाही. आबांना ही सवय लागली ती माझ्या एका लबाडीमुळे.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी माल्याच्या शाळेत मास्तर होतो. गावोगाव प्रौढांचे साक्षरता वर्ग निघाले, तसा आमच्याकडेही निघाला. शिकवायला वेळ थोडा, तपासणी जवळ आलेली. मी सरळ धडे पाठ करून घेतले. तपासणीच्या दिवशी आबा पुस्तक समोर धरून खणखणीत म्हणू लागले, "शेतकरी पहाटे उठतो. बैलांना चारा घालतो. ए, बिड्या विझवा रे! मग शेतावर जातो."

मधलं वाक्य पुस्तकातलं नव्हतं, माझं होतं. शिकवताना मागच्या बाकांवर ओरडलो होतो, आबांनी तेही पाठ केलं होतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी दचकून मागे पाहिलं. दोघांनी खरोखरच बिड्या विझवल्या. साहेब खूश! "वाचता वाचता शिस्तीकडेही लक्ष आहे यांचं," म्हणाले. आबांना साक्षर झाल्याचा दाखला मिळाला, मला शाबासकी. मी ती घेतली.

पुढे संक्रांतीला पोस्टमननं सांगितलं, "मास्तर, गेनूआबाच्या पोरीची तीन पत्रं आली. कुनालाच वाचू देत न्हाई." आबांची एकुलती एक मुलगी, सखू. माझ्याच शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, आदल्या वर्षी लांब भोरकडे दिलेली. आबांची बायको कधीच गेली होती.

मी धावतच त्यांच्या घरी गेलो. तीन पाकिटं, तिन्ही बंद.

"आबा, वाचून का घेतली नाहीत?"

"दाखला हाय न्हवं माझ्याकडं? दुसऱ्याकडनं वाचून घेतलं तर तुमची अब्रू जाईल."

मी खाली बसलो. कबूल केलं, चूक माझी. आत्ताच्या आत्ता वाचून दाखवतो म्हणालो. पोर आजारी असेल, बोलावत असेल! आबांनी पाकिटं उशीखाली सारली.

"वाचायचं, तर मीच. शिकवा खरंखुरं."

मग पुस्तक बाजूला ठेवलं. पाठ करता येणार नाही असंच सगळं वाचायचं ठरलं. चहाच्या पुड्याचा कागद, रॉकेलचा डबा, एस.टी.च्या पाट्या. त्यातूनच ती उत्तरं सुरू झाली. इकडे रोज रात्री त्या पाकिटांत काय असेल या धास्तीनं मला झोप लागत नसे. दर चार दिवसांनी मी हात पुढे करी, दर वेळी आबा म्हणत, "हात लावू नगा."

शिमग्याच्या आदल्या दिवशी भर दुपारी त्यांनी मला बोलावलं. पाकिटं आलेल्या क्रमानं फोडली. पहिल्यात सखू खुशाल होती. दुसऱ्यात तिला दिवस गेले होते. तिसऱ्यात एका जोडाक्षरावर आबा अडले. मी न राहवून तोंड उघडलं.

"गप बसा!"

घाम पुसत त्यांनी ते अक्षर सोडवलं. 'आबा, चैत्रात न्यायला या. आई न्हाई म्हनून संकोच करू नका. पैलं बाळंतपन माहेरातच करायचं हाय मला.'

चैत्राला अजून पंधरा दिवस होते. माझा जीव भांड्यात पडला. "आबा, मला वाचू दिलं असतं तर केव्हाच कळलं असतं हो!"

"कळलं आसतं. पर तुमी वाचलं की तुमचा आवाज येतो मास्तर. म्या वाचलं की सखू बोलती."

त्यांनी पहिलं पत्र पुन्हा उलगडलं. मी तसाच बसून होतो. थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली.

"जावा आता तुमी. आमी बोलतूया."